दूधसंस्थेचा काटा

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण बायकांच्या लेखी मी अजून ड्यूटीवरच आहे. लग्नात, भाजी घेताना, बसच्या थांब्यावर एखादी ओळखीची बाई जवळ सरकते, आवाज खाली आणते आणि म्हणते, "सिस्टर, सुनंचं दूध बाळाला पुरंना ओ." मी विचारते, "कालपासून लंगोट किती ओले झाले? आणि वजन कधी केलंत?" बाईचा चेहरा पडतो. तिला एखादा लाडू, एखादी पावडर, निदान नजर उतरवायची रीत तरी हवी असते. मी आपली लंगोट मोजायला लावते.

हे दोन प्रश्न मी सगळ्यात आधी का विचारते, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगते.

प्रसूतीनंतरच्या वॉर्डात माझी बत्तीस वर्षं गेली. बदल्या, बढत्या, बदलत गेलेल्या मेट्रन, वॉर्डाच्या पायरीपर्यंत आलेलं पुराचं पाणी हे सगळं झालं, पण तसलं काही ना काही प्रत्येकाच्याच नोकरीत होतं. माझं खरं काम एकच होतं. बाळंतीण रडत बसलेली असायची, बाळ रडत असायचं, बाजूला सासू किंवा आई तोंड वाकडं करून उभी असायची आणि तिघींचं म्हणणं एकच असायचं, दूध येत नाही.

आता बघा, आमचा कोल्हापूर जिल्हा दुधाचा. गावागावात दूधसंस्था. म्हशीला कुठली पेंड घातली की फॅट किती लागते, हे शाळेतलं पोर सांगेल. पण त्याच घरात बाळंतिणीचं पहिलं घट्ट, पिवळं दूध पिळून टाकायचे. म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आळीभर वाटायचा आणि सुनेचा चीक मात्र घाण म्हणून मोरीत! मी यावरून लई भांडले. माझा आवाज मुळात मोठा, त्यात वॉर्डात पन्नास माणसं. एकदा एका आजीबाईंना मी म्हटलं, "खरवस खाताना घाण वाटत नाही ती?" आजीबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण चीक टाकला नाही.

या असल्या भांडणांतूनच माझी म्हशीची गोष्ट तयार झाली. माझं माहेर गंगावेशीतलं. संध्याकाळी तिथं म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. लहानपणी मी चरवी घेऊन जायची. तिथं एक दादा होते, ते कधीच एकदम धारेला बसायचे नाहीत. आधी रेडकू सोडायचे. ते चार ढुशा मारायचं, मग कासेवर पाण्याचा हात फिरवायचे आणि मग म्हैस पान्हावायची. कुणी मोठ्यानं बोललं, कुत्रं भुंकलं की म्हैस दूध चढवायची. भरलेली कास तशीच, पण थेंब खाली येत नाही. दादा मग गिऱ्हाइकालाच दरडावायचे, "पावणं, जरा गप ऱ्हावा की!"

बाईचंही तसंच असतं. दूध तयार होणं वेगळं आणि उतरणं वेगळं. बाळानं नीट तोंडात धरलं, नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही धरला, वरचेवर ओढलं, की दूध उतरतं आणि जेवढं निघतं तेवढं पुन्हा तयार होतं. पण समोर दहा पाहुणे, उशाशी टोमणे, आणि "हिच्या आईलाबी दूध न्हवतं" असली बोलणी चाललेली असतील तर कुठून उतरणार? म्हणून मी सगळ्यांना गोळा करून विचारायची, "म्हशीची धार काढताना ओरडता का तुम्ही? मग हिच्यावर का ओरडता?"

लोक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे. हुपरीच्या एका घरात तर मी स्वतः गेले होते. घर म्हणजेच चांदीचा कारखाना. पैंजणं जोडायला आठ माणसं बसलेली, आणि तिथंच एका कोपऱ्यात बाळंतीण पदर ओढून बाळाला घेऊन बसलेली. नवरा म्हणाला, "लई औषधं केली सिस्टर, अळीव झालं, शतावरी झाली." मी म्हटलं, "दार आहे का या घराला? ते लावा." त्याच दिवशी माळ्यावरची खोली रिकामी केली. आठवड्यानं त्याचा फोन आला, पोरगं वाटी-चमचा तोंडाला लावून घेईना, आईचंच पितंय.

अशी घरं पुष्कळ झाली. मला "म्हशीवाल्या सिस्टर" म्हणायला लागले. नवीन शिकाऊ मुलींना डॉक्टर माझ्याकडं पाठवायचे, "सिस्टरांची म्हशीची गोष्ट ऐकून या." मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा आहे.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना कसबा बावड्याची प्रियांका वॉर्डात आली. पहिलटकरीण, तेवीस वर्षांची, लाजाळू. नवरा साखर कारखान्यात कामाला, गळीत हंगाम चालू, त्यामुळं तो येऊन जाऊन. सगळी उस्तवार सासूची. तिचं नाव आक्काताई. उंच, काटक, घरात चार म्हशी, आणि आवाज माझ्यापेक्षाही मोठा. प्रियांका तिला आत्ती म्हणायची.

बाळंतपणात प्रियांकाला रक्तस्राव फार झाला होता. मुलगी झाली, वजन पावणेतीन किलो. तीन दिवस झाले तरी दूध भरल्याची काही खूण दिसेना. आक्काताई पहिल्यापासून कुरकुरत होत्या. "सिस्टर, हिच्या अंगात दूध दिसंना. वरचं कायतरी द्या की."

सासू वरच्या दुधाची घाई करते म्हटलं की माझं डोकं फिरायचंच. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि माझी गोष्ट सुरू केली. रेडकू, ढुशा, पान्हा, सगळं. आक्काताई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "व्हय, ते खरं हाय, पण सिस्टर, एखादी म्हस—"

मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. "पण नाही आणि बिण नाही," मी म्हटलं. "सुनेला बोलायचं नाही. वरचा एक थेंब द्यायचा नाही. बाळ सारखं अंगावर ठेवायचं. आणि रोज उठून वजन करत बसायचं नाही, त्यानं बाळंतीण घाबरते."

हे शेवटचं वाक्य मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. कुणी शिकवलेलंही नव्हतं. काही घरांत रोज वजन करून बाळंतिणीला रडवायचे, म्हणून ते मी माझ्याच मनानं गोष्टीला जोडून दिलं होतं.

घरी जाताना आक्काताईंनी माझा नंबर घेतला. पुढं कळलं, त्यांनी माझा शब्द अगदी काटेकोर पाळला. प्रियांकाच्या आईनं पावडरचा डबा आणला होता, तो दारातूनच परत पाठवला. "सिस्टर न्हाय म्हनल्यात." सुनेला एक शब्द बोलल्या नाहीत. म्हशींना धार काढायला जायच्या तेवढ्याच, नाहीतर दारात बसून राहायच्या आणि आलेल्या बायकांना तिथूनच परत पाठवायच्या.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मी वॉर्डात औषधं वाटत होते.

"सिस्टर, पोरगी लई झोपतीया."

"चांगलंय की. पोट भरलं असेल."

"पोट भरल्याली झोप न्हाय ही. नुसती चोखती, गिळत न्हाय. आवाज येत न्हाय गिळल्याला. मी मगाशी संस्थेत जाऊन वजन करून आनलं. सव्वादोन भरतीया. पावणेतीनाचं सव्वादोन झालंय, सिस्टर."

"कुठल्या संस्थेत?"

"आमच्या दूधसंस्थेत की. काट्यावर."

मी हसले. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण हसले हे खरं आहे. शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीला मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "दुधाच्या काट्यावर बाळ मोजलं बघ." तीही हसली. मग आक्काताईंना म्हटलं, "आक्काताई, तो काटा कॅन मोजायचा. बाळ मोजायचा काटा वेगळा असतो. मी वजन करू नका म्हटलं होतं ना? मग?"

"टॉवेलाचं वजन वजा केलंय, सिस्टर. काटा परवाच तपासून गेल्यात."

"तुम्ही काळजी करू नका. सुनेला आनंदात ठेवा. म्हशीचं सांगितलं होतं ना मी?"

मग त्या म्हणाल्या, "बरं. तुमी म्हनताय तर." आणि फोन ठेवला.

बाळ घाबरवण्याइतकं रडत असेल तर आम्ही धावतो. पण उपाशी बाळ नेहमी रडत नाही. आधी रडतं, मग दमतं, मग झोपतं, आणि लोक म्हणतात पोर किती गुणी आहे. हे मी शिकाऊ मुलींना दरवर्षी शिकवायची. लंगोट विचारा, गिळल्याचा आवाज ऐका, वजन बघा. त्या बाईनं यातल्या दोन गोष्टी न विचारता मला सांगितल्या होत्या आणि तिसरी मी विचारली नाही. मला फक्त एका सासूचा आवाज ऐकू आला.

आणखी एक गोष्ट मला त्या फोनवरच कळायला हवी होती. आमच्याकडं बाराव्या दिवसापर्यंत सुवेर पाळतात. बाळंतीण आणि बाळ खोलीबाहेर येत नाहीत, त्यांना शिवत नाहीत. आक्काताईंसारखी कडक बाई सहाव्या दिवशी पोर टॉवेलात गुंडाळून, भर गावातून, चारचौघांसमोर संस्थेत गेली होती. ती किती घाबरली असेल तेव्हा? एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या तिघी वॉर्डाच्या दारात उभ्या होत्या. मी बाळाला हातात घेतलं. अंग तापलेलं, ओठ कोरडे, टाळू खोल गेलेली. लंगोटावर लघवीचा विटकरी डाग, तोही कालचा. मी तळव्याला टिचकी मारली, तरी रडली नाही. आमच्या काट्यावर ठेवली.

सव्वादोनला थोडं कमी.

मी बाळ घेऊन नवजात विभागाकडं पळाले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, अंगातलं पाणी कमी होऊन मिठाचं प्रमाण भलतंच वाढलं होतं. असं झालं की घाईनं पाणी भरताही येत नाही, मेंदूला सूज येते. ते प्रमाण हळूहळू, थेंबाथेंबानं खाली आणायचं. दुपारी तिला एक झटका आला. आक्काताई काचेबाहेर उभ्या होत्या, त्यांनी तो बघितला. मला वाटलं, आता ही बाई मला सगळ्यांसमोर फाडून खाणार, आणि तिनं तसं करावं असंही वाटलं. पण त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

पाच दिवस ती मुलगी त्या विभागात होती. माझी ड्यूटी संपली तरी मी घरी जात नव्हते. पहिले दोन दिवस कुणीच काही सांगू शकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या बालरोगाच्या मॅडम प्रियांकाला तपासायला आल्या. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला. "दिवस गेल्यावर ब्लाऊज घट्ट झाले होते का तुझे?"

प्रियांका म्हणाली, "न्हाय मॅडम. लग्नातलंच घालत हुते नवव्या म्हैन्यापतूर."

मॅडमनी तिला शांतपणे समजावलं. काही बायकांच्या छातीत दूध तयार करणाऱ्या ग्रंथीच कमी असतात. त्यात एवढं रक्त गेलं, त्याचाही परिणाम होतो. अशा बायका थोड्या असतात, पण असतात. तू हसत राहिलीस, खोली बंद केलीस, कितीही अळीव खाल्लंस, तरी नुसतं तुझं दूध बाळाला पुरणार नाही. यात तुझा काही दोष नाही.

प्रियांका म्हणाली, "मला वाटलं, माझं मनच चांगलं न्हाय. आत्ती काय बोलत न्हाईत, समदी जपत्यात, तरीबी दूध उतरंना. म्हंजे माझ्यातच कायतरी वाईट आसंल. म्हशीलाबी माया आसती, मला न्हाय."

ती रडायला लागली. मी तिच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. माझी गोष्ट मी टोमणे मारणाऱ्यांचं तोंड बंद करायला बनवली होती. या मुलीला टोमणे मारणारं कुणी नव्हतंच, तर तिनं ती गोष्ट स्वतःलाच लावून घेतली. चार दिवस ती बंद खोलीत स्वतःत माया शोधत बसली होती, आणि पोर उपाशी होतं. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "चूक माझी झाली, बाळा. तुझी नाही."

मग मी बाहेर आक्काताईंकडं गेले. बाकावर त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता. एखादी म्हस, म्हणालात. मी बोलू दिलं नाही. काय सांगत होता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाल्या, "एखादी म्हस लई गुनाची आसती, सिस्टर. रेडकाला चाटती, उभी ऱ्हाती, पान्हावतीबी. पर कासंतच नसतं. तिला मारून उपेग न्हाय आन गोंजारूनबी उपेग न्हाय. आमी तिचं रेडकू तिच्याजवळच ठिवतो आन दुसऱ्या म्हशीचं दूध पाजतो. आमच्या गोठ्यात झालती तशी एक. रेडकू ढुशा मारायचं थांबलं, गप पडाय लागलं, की मला कळतंय." मग म्हणाल्या, "तुमी शिकल्याल्या. मला वाटलं, मान्साचं येगळं आसंल."

बत्तीस वर्षं मी अर्धीच गोष्ट सांगत होते. उरलेली अर्धी माझ्या समोरच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला येत होती आणि मी तिला गप्प केलं होतं.

मुलगी हळूहळू सुधारली. मॅडमनी प्रियांकाला एक साधी रीत शिकवली. वाटीत वरचं दूध, त्यात बारीक नळी, नळीचं दुसरं टोक छातीला चिकटवलेलं. बाळ आईलाच ओढतं, आईचं जे थोडं आहे ते मिळतं आणि बाकीचं नळीतून येतं. पहिल्यांदा मुलगी अशी प्यायली तेव्हा गिळल्याचा गुटुक गुटुक आवाज आला. आक्काताई पुढं वाकून ऐकत होत्या. "आता गिळतीया," म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मीही पुसले.

मेंदूला काही झालं आहे का, हे तेव्हा कळण्यासारखं नव्हतं. पुढं वर्षभर दर दोन महिन्यांनी तपासणीला यायचं होतं. ती बसली कधी, उभी राहिली कधी, बोलली कधी, हे मी माझ्या नातवंडांचं ठेवलं नाही इतकं ध्यानात ठेवलं. आज ती अंगणवाडीत जाते आणि आजीसारखीच मोठ्यानं बोलते. देवाची कृपा म्हणा, मॅडमचे कष्ट म्हणा. माझं श्रेय त्यात काही नाही.

मला छळतं ते दुसरंच. आक्काताईंनी फोन केला, माझं ऐकून न ऐकल्यासारखं करून सकाळी पोर घेऊन आल्या. पण त्यांच्या आधीची इतकी घरं, जिथं माझी गोष्ट ऐकून लोक मान डोलावून गेले, त्यातल्या कुणाचं बाळ असं गप्प पडलं होतं का? कुणी पुन्हा आलंच नाही. मी ते सगळं माझ्या यशात धरलं होतं.

बारसं दीड महिन्यानं झालं. मला बोलावणं आलं. जायचं धाडस होत नव्हतं, पण न जाणं हे त्याहून वाईट होतं. आंगडं-टोपडं घेऊन गेले. घर पाव्हण्यांनी भरलेलं, पाळणा सजवलेला, बायका घुगऱ्या वाटत होत्या. मला बघून आक्काताई उठल्या, पोर माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चला."

"कुठं?"

"चला तर."

प्रियांका हसत होती, म्हणजे तिला माहीत असावं. आम्ही दोघी गल्लीतून चालत गेलो. संध्याकाळच्या संकलनाची वेळ होती. संस्थेत रांग लागलेली, किटल्या घेऊन बायका, पोरं, म्हातारे. आक्काताईंना बघून सगळे बाजूला झाले. सचिवांनी काटा फडक्यानं पुसला, त्यावर स्वच्छ टॉवेल घातला आणि आकडे शून्यावर आणले. सगळी रांग माझ्याकडं बघत होती. कोण बाई आहे, हे त्यांना सांगितलेलं असणार.

"तुमच्या हातानं ठिवा," आक्काताई म्हणाल्या.

मी मुलीला काट्यावर ठेवलं. ती हातपाय झाडत होती, आकडा स्थिर होईना. मग तिनं माझं बोट धरलं आणि जरा थांबली. मी बोट हलकेच सोडवलं. तीन किलो आठशे.

आक्काताईंनी आकडा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. आवाज नेहमीसारखाच मोठा, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.

"आता सांगा, सिस्टर. काटा बरोबर हाय का न्हाय?"

"बरोबर हाय, आक्काताई," मी म्हटलं. "त्या दिवशीबी बरोबर हुता."